हिला इथे कोण आहे

शुक्रवारची संध्याकाळ होती. शब्बाथचे दिवे लावून झाले होते आणि आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. माझे यजमान हायम यांनी प्रार्थना म्हटली, पाव मोडून आम्हा दोघींना दिला, आणि स्वतःचा तुकडा हातातच धरून म्हणाले, "आपण परत जातोय."

परत म्हणजे कुठे, असं मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"मुंबईला. छापखान्याचे मालक मला पुन्हा घ्यायला तयार आहेत. सालोमन स्वतः जाऊन बोलून आलाय त्यांच्याशी. तिकिटांचंही तोच बघतोय. सण उरकले की निघायचं."

सालोमन म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. तो भायखळ्याला राहायचा. त्याच्याशी हे सगळं कधी ठरलं, कुणाच्या हाती निरोप गेले, मला काही पत्ता नव्हता. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. त्या फार सावकाश जेवत.

"तुम्ही दोघं जा," त्या म्हणाल्या. "मी इथेच राहते."

हायम हसले. मीही हसले असेन. त्या हसल्या नाहीत.

"आई, इथे एकटी काय करशील तू?" हायम म्हणाले. "कुणाशी बोलशील? दुकानात जाऊन मीठसुद्धा मागता येत नाही तुला."

"मेलाख," सासूबाई म्हणाल्या.

हिब्रूत मिठाला मेलाखच म्हणतात. हा शब्द त्यांनी कुठून उचलला होता ते देव जाणे. त्यांनी उरलेला भात कालवून घेतला.

या गोष्टीला आता पन्नासाहून जास्त वर्षं झाली. हायम नाहीत, सासूबाई तर कधीच्याच गेल्या. पण त्या संध्याकाळी आम्हा नवराबायकोला हसू का आलं ते कळायचं तर आधीचं थोडं सांगायला हवं.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आमची प्रार्थना हिब्रूत आणि बाकीचं सगळं मराठीत. भांडण मराठीत, स्वप्नं मराठीत. सासूबाईंचं नाव सेगुलाबाई. अलिबागजवळ झिराडला त्यांचं घर होतं. घरामागे नारळ, पुढे अंगण, आणि गावाबाहेर जिथे आमचे लोक पुरले जातात तिथे सासरे. हायम त्यांचा एकुलता एक मुलगा. गिरगावातल्या एका छापखान्यात ते खिळे जुळवायचे. शिशाची बारीक अक्षरं खणातून उचलून ओळीत लावायची, तीही उलटी, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात. त्यांची बोटं इतकी चपळ होती की बघणाऱ्याला वाटे ते तांदूळ निवडताहेत. त्यांनी जुळवला नाही असा मजकूर नव्हता. पंचांगं, नाटकाच्या जाहिराती, लग्नाच्या पत्रिका, सगळं.

इस्राएल हा नवा देश झाल्यापासून आमची माणसं एकेक करून तिकडे जायला लागली होती. हायमनाही ती ओढ लागली. लहानपणापासून प्रार्थनेत ज्या भूमीचं नाव घेतलं तिथे जाऊन राहायचं, एवढाच त्यांचा विचार होता आणि तो खरा होता. मी नवी नवरी होते, ते जातील तिथे मी. विरोध केला तो फक्त सासूबाईंनी. माझा देव मला इथेच ऐकतो, त्याला भेटायला मी विमानात कशाला बसू, असं त्या म्हणायच्या. दोन वर्षं त्यांनी तग धरला. शेवटी हायमच एकदा म्हणाले की तू येत नसशील तर मीही जात नाही, पण मग जन्मभर मी इथे मन मारून राहीन. तेव्हा त्यांनी भांडी आवरायला घेतली. शेजारच्या म्हात्र्यांच्या ताब्यात घर दिलं, सासऱ्यांच्या कबरीपाशी जाऊन बसून आल्या, आणि विमानात बसल्या त्या डोळे मिटून. उतरल्यावरही कितीतरी दिवस मुलाशी धड बोलल्या नव्हत्या.

अशी ती बाई. आणि आता मुलगा म्हणतोय चल, तुला घरी नेतो, तर ही म्हणते मी नाही येत.

आम्हाला राहायला मिळालं होतं ते गाव दक्षिणेच्या वाळवंटात नुकतंच वसवलेलं. रांगेने उभ्या सिमेंटच्या इमारती, प्रत्येक घर दोन खोल्यांचं, आणि खिडकी उघडली की वाळू. आमच्या जिन्यात मोरोक्कोहून आलेली माणसं होती, वरच्या मजल्यावर रुमानियाची. मराठी बोलणारी काही घरं पलीकडच्या रांगेत. त्या गावात छापखाना नव्हता. हायमना रस्त्याच्या कामावर घेतलं. बीरशेबा शहराला जाणारा रस्ता होता, वाळू आणि हिवाळ्यातला पूर यांनी तो सतत उखडायचा, आणि यांची टोळी तो सतत बुजवत असायची. खडी, डांबर, फावडं. संध्याकाळी घरी आले की ते आधी हात धूत बसायचे. नखांच्या कडांचं काळं निघायचं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्हाला एक मुलगी झाली आणि ती गेली. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, म्हणून मीही सध्या एवढंच सांगते.

त्या शुक्रवारनंतर घराला निघण्याचे वेध लागले. हायमच्या चालण्यात फरक पडला. कामावरून येताना ते मध्येच एखादी जुनी चाल गुणगुणायचे. मला विचारायचे, गिरगावात पहिल्या दिवशी काय खाशील? मीही सांगायचे. मला जायचं नव्हतं असं मुळीच नाही. भाषा नाही, हिरवं काही दिसत नाही, बाजारात गेलं की मुक्यासारखं बोट दाखवायचं. मी तर मनाने कधीच बोरीबंदरला उतरले होते.

सासूबाईंना समजावायला पलीकडच्या रांगेतली सगळी मराठी मंडळी येऊन गेली. कुणी म्हणालं, मुलाचा संसार तुमच्यामुळे अडेल. कुणी म्हणालं, म्हातारपणी आपल्या मातीत जायला मिळतंय, नशीब समजा. त्या सगळ्यांना चहा करून द्यायच्या, सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "त्यांनी जावं ना. मी कुठे अडवलंय?" आलेला माणूस चहा पिऊन निघून जायचा.

हायम चिडत नसत, पण एकदा चिडले. तुला इथे आणलं तेव्हा तू रडत होतीस, आता नेतोय तरी तुझं नाहीच, मला नेमकं काय करायचं ते तरी सांग, असं ते म्हणाले. त्यावर सासूबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. पण त्या उठल्या, पाण्याचा डबा भरून घेतला आणि बाहेर गेल्या.

हे त्यांचं रोजचं होतं. ऊन उतरायला लागलं की तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून बाहेर पडायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. गावात बस थांबायची तिथे सरकारने काही रोपं लावली होती. त्यांना घालत असतील पाणी, असं मी धरून चालले होते. कोकणातल्या बाईला सुकलेलं झाड बघवत नाही. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

निघायला थोडेच दिवस राहिले होते तेव्हा एका दुपारी गरम वारा सुटला. तिकडे तो सुटला की आकाश पिवळं होतं आणि समोरची इमारत दिसेनाशी होते. त्या वाऱ्यातही सासूबाई बाहेर पडल्या होत्या. मी कपडे घड्या करून पेटीत भरत होते, माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा बाहेर अंधारल्यासारखं झालं होतं. बसथांब्यापाशी गेले, तिथे कुणी नव्हतं. घाबरून मी खालच्या मजल्यावरच्या फ्रेहाचं दार वाजवलं. ती मोरोक्कोची, माझ्याहून थोडी मोठी, चार मुलांची आई. आमचं दोघींचं हिब्रू सारखंच मोडकं होतं, म्हणून आमचं जमायचं.

सासू दिसत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने गावामागच्या डोंगराच्या उताराकडे बोट दाखवलं. मला कळेना. तिथे काय आहे, असं मी विचारलं. फ्रेहाने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुला माहीत नाही?" मग तिने आतून एक शाल आणली, माझ्या डोक्यावरून तोंडापर्यंत गुंडाळली आणि मला जाऊ दिलं.

उतारावर गावाची दफनभूमी होती. नवं गाव, त्यामुळे कबरी थोड्याच. एका कोपऱ्यात, कुंपणाच्या कडेला, लहान लहान उंचवटे होते. त्यांवर ना दगड ना नाव. तिथे सासूबाई वाऱ्याकडे पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या. लुगड्याचा पदर त्यांनी दोन्ही हातांनी पुढे ताणून धरला होता, एखाद्या भांड्यावर फडकं धरावं तसा. जवळ गेल्यावर दिसलं. पदराआड एक रोप होतं. सब्जाचं. आमच्यात सुखदुःखाच्या प्रत्येक विधीला सब्जा लागतो, त्याचं बी त्यांनी झिराडहून आणलं असणार. वाळवंटात ते रोप गुडघ्याएवढं वाढलं होतं. त्याच्याभोवती पांढऱ्या गोट्यांचं एक छोटं रिंगण होतं.

मी त्यांच्याशेजारी बसले. कोण, काय, हे मला विचारावं लागलं नाही. तरी मी विचारलं.

"ही?"

"ही," सासूबाई म्हणाल्या.

मुलगी झाली तेव्हा मी बीरशेब्याच्या दवाखान्यात होते. दिवस भरायच्या आधीच ती आली. मला बाळंतज्वर झाला आणि मी कितीतरी दिवस शुद्धीत नव्हते. शुद्धीवर आले तेव्हा सगळं उरकलं होतं. महिनाभरही न जगलेल्या लेकरासाठी आमच्या धर्मात सुतक धरत नाहीत, शोकाला कुणी घरी येत नाही, दगड बसवत नाहीत. सगळ्या बायकांनी मला एकच सांगितलं, मागे बघायचं नाही, तू तरुण आहेस, अजून होतील. मी मागे बघितलं नाही. तिला कुठे ठेवलं हे मी कुणाला विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं नाही तर ते कुठेच नसेल.

मी जमिनीवर हात ठेवला. जमीन तापलेली होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की तिला उकडत असेल.

"तुम्हाला कुणी दाखवलं?" मी विचारलं.

सासूबाईंनी तोंडावरची वाळू पुसली आणि सांगितलं. इथे कबरी खणणारा एक म्हातारा होता, येमेनचा. त्याला मराठी येत नाही, यांना त्याची भाषा येत नाही. मी दवाखान्यातून घरी आले, त्याच आठवड्यात त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला. तो समजला. फावडं खाली ठेवून तो पुढे चालू लागला आणि इथे येऊन थांबला. मग तो बाजूला जाऊन पाठ करून उभा राहिला, यांचं होईपर्यंत.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला झेपलं नसतं गो तेव्हा. मग दिवस जात राहिले. मला वाटायचं, तू विचारशील." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "नाव नव्हतं ठेवलेलं. मी नुसतं बाळ म्हणते."

वारा थोडा पडला होता. त्यांनी पदर सोडला, डब्यातलं उरलेलं पाणी रोपाच्या मुळाशी घातलं आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. त्या इतकं सलग कधी बोलत नसत.

"तिकडे तुझ्या सासऱ्यांच्या कबरीवरचं गवत म्हात्रे काढतात. मी सांगितलं नव्हतं, तरी काढतात. त्यांचा मुलगाही काढील. बाजूला तुझ्या सासऱ्यांचे आईवडील आहेत, काका आहेत, ओळखीची सगळी आहेत. ते एकटे नाहीत. म्हणून तर मला येता आलं." त्यांनी रिंगणातला एक गोटा नीट बसवला. "हिला इथे कोण आहे?"

मी रडले नाही. रडू पुढे कितीतरी महिन्यांनी आलं, भलत्याच वेळी, बाजारात. त्या संध्याकाळी मी फक्त उठले, सासूबाईंना हात देऊन उठवलं, आणि आम्ही दोघी खाली आलो.

हायम पेटीला दोरी बांधत होते. आमच्या अंगावरची वाळू बघून ते म्हणाले, अशा वाऱ्यात कुठे गेला होतात? सासूबाई आतल्या खोलीत गेल्या. मी दार लोटलं आणि त्यांना विचारलं, "तुम्ही तिथे पुन्हा कधी गेला होतात का?"

त्यांच्या हातातली दोरी तशीच राहिली. ते खाली बसले. मी काय विचारतेय हे त्यांना सांगावं लागलं नाही, यावरूनच मला कळलं की त्यांच्याही मनातून ते कधी गेलं नव्हतं. मग जे बोलले ते मान खाली घालून, पेटीशी बोलावं तसं.

दवाखान्याने एक गाडी दिली होती. ते पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसले. ती पांढऱ्या कापडात त्यांच्या मांडीवर. बीरशेब्याहून इथपर्यंतचा रस्ता तेव्हा पुराने पार उखडला होता. ड्रायव्हर कोण कुठला, त्याची भाषा यांना येत नव्हती.

"खड्डा आला की तो गाडी अगदी हळू करायचा," हायम म्हणाले. "प्रत्येक खड्ड्याला. तिला धक्का बसू नये म्हणून. त्याला माहीत होतं ती गेलीय. तरी."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"त्यानंतर टोळीला रस्त्याचा तोच तुकडा दुरुस्तीला मिळाला. तेच खड्डे. रोज सकाळी मी तिथे जाऊन उभा राहतो, मिल्का. एकेक खड्डा ओळखतो मी. बुजवतो, पुन्हा पडतो, पुन्हा बुजवतो. मला आता नाही होत."

म्हणजे जायचं कारण छापखाना नव्हतं तर. मला वाटत होतं, सगळ्या गावाला वाटत होतं, की हायमना शिशाच्या अक्षरांची, गिरगावची, आपल्या कामातल्या मानाची ओढ लागलीय. त्यांनीही आम्हाला तसंच वाटू दिलं होतं. आईने घरी पाण्याचा डबा भरायचा आणि मुलाने रस्त्यावर फावडं उचलायचं, आणि रात्री एका ताटाशी बसून दोघांनी एकमेकांना काही सांगायचं नाही, असं आमच्या घरात किती काळ चाललं होतं. त्या एकाच जागेपासून एकाला लांब जायचं होतं आणि दुसरीला हलायचं नव्हतं. मी मध्ये कपडे घड्या करत बसले होते.

मी त्यांना वर चला म्हटलं. आई तिथे रोज जातात, रोप लावलंय, मी आज बघून आले, तुम्हीही एकदा चला. त्यांनी नुसती मान हलवली. नाही. मी पुन्हा म्हटलं नाही. एखाद्या माणसाच्या अंगात एखादी गोष्ट उरलेलीच नसते, ते डोळ्यांना दिसतं.

"मग तुम्ही जा," मी म्हटलं. "मी आईंजवळ राहते."

"माझ्यावर रागावून?"

"नाही."

ते खरं होतं. त्या क्षणी ते मला जितके जवळचे वाटले तितके लग्नानंतर कधी वाटले नव्हते. पण पेटीत भरलेल्या माझ्या साड्या मी त्यांच्यासमोरच बाहेर काढून ठेवल्या.

मराठी मंडळींत यावरून खूप बोललं गेलं. बायकोने नवऱ्याला एकटं पाठवायचं आणि स्वतः सासूजवळ राहायचं, असं कुणी ऐकलं नव्हतं. कुणी मला शहाणपण शिकवलं, कुणी सासूबाईंना दोष दिला. हायमनी एकालाही काही सांगितलं नाही. मीही नाही.

निघायच्या दिवशी पहाटेच्या बसला आम्ही दोघी त्यांना सोडायला गेलो. सासूबाईंनी वाटेत खायला घावन बांधून दिले होते. बस आली तेव्हा त्यांनी मुलाच्या हाताला हात लावला आणि आमच्या रीतीप्रमाणे आपली बोटं ओठांना लावली.

"जा," त्या म्हणाल्या. "दम खा थोडा. मी आहे इथे."

हायमना माझ्याशी काही बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही, पण ड्रायव्हरने घाई केली. बस त्याच रस्त्याने गेली. त्याशिवाय दुसरा रस्ता नव्हताच.

मागे आम्ही दोघी उरलो. मला काम शोधणं भाग होतं. बालवाडीच्या स्वयंपाकघरात बाई हवी आहे असं फ्रेहाने पूर्वीही एकदा सांगितलं होतं, तेव्हा मी नाही म्हटलं होतं. लहान मुलांच्या आवाजात दिवसभर उभं राहणं मला जमणार नव्हतं. आता गेले. पहिले काही दिवस मी भिंतीकडे तोंड करून भाज्या चिरायची. पण पोरं ती पोरंच. ओट्यापाशी येऊन नाक वर करायची, हे काय, ते काय विचारायची, माझं चुकलेलं हिब्रू ऐकून खदखदा हसायची आणि मग नीट शब्द शिकवायची. मी बोलायला शिकले ते त्यांच्याकडून. म्हणून आजही माझ्या हिब्रूत पोरकटपणा आहे, असं सगळे म्हणतात.

रोज कामावरून सुटले की मीही उतारावर जायची. कधी सासूबाईंबरोबर, कधी एकटी. त्या मला तिथे एकटं सोडायच्या, खाली कुंपणापाशी उभ्या राहायच्या. कधी फ्रेहा यायची. तिचाही एक मुलगा त्याच कोपऱ्यात होता, ते मला तेव्हा कळलं. वाळवंटातल्या त्या गावात आपल्या एकटीवरच आभाळ कोसळलंय असं मी धरून चालले होते, आणि आमच्याच जिन्यात ती बाई रोज माझ्यासमोरून हसत जात होती. सब्जाच्या बिया आम्ही तिच्या मुलाजवळही पेरल्या.

हायमची खुशाली येत असे. छापखान्यात आहे, सालोमनकडे राहतो, तब्येत ठीक आहे. याहून जास्त काही नसे, आणि मीही त्यांना येता का असं विचारलं नाही. सासूबाईंनी तर कधी विषयच काढला नाही. फक्त कधी कधी त्यांचं नाव चुकून तोंडात यायचं. हायम, जरा खिडकी लाव, असं म्हणून त्या थांबायच्या आणि स्वतः उठून खिडकी लावायच्या.

तिकडे काय घडलं ते हायमनी मला फार पुढे, आमची दोन्ही मुलं मोठी झाल्यावर, एकदाच सांगितलं. गिरगाव होतं तिथेच होतं, पण आमची ओळखीची बरीचशी माणसं तोवर देश सोडून गेली होती. छापखान्यात त्यांचा हात पूर्वीसारखाच चालत होता. एकदा एका बारशाचं आमंत्रण जुळवायला आलं. मुलीचं बारसं. तारीख झाली, पत्ता झाला, आजीआजोबांची नावं झाली. ‘नामकरण’ या शब्दाशी आले आणि हात थांबला. बाजूच्या माणसाने विचारलं, काय हो, खिळा सापडत नाही का? त्यांनी जुळवणी त्याच्याकडे दिली आणि बाहेर येऊन फुटपाथवर बसून राहिले. त्यानंतर त्यांनी सालोमनला सांगितलं, मला परतीचं बघ.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. हिवाळा नुकताच संपला होता आणि वाळवंटात पाऊस झाला की चार दिवस जी बारीक पिवळी फुलं येतात ती आली होती. बालवाडीतून मला यायला त्या दिवशी उशीर झाला, म्हणून मी उतारावर गेले नाही. घरी येऊन चुलीवर भात ठेवला आणि सासूबाई येतात का ते बघायला खिडकीशी उभी राहिले.

वरून दोघं जण येत होती. सासूबाईंची चाल मी ओळखली. दुसरा माणूस त्यांच्या अर्ध्या पावलाने मागे होता, अंगात कोट, आणि उतार घसरता होता म्हणून त्याने त्यांचा दंड धरला होता. मध्येच सासूबाई थांबल्या, श्वास घेतला, तोही थांबला. मग पुन्हा निघाली. खाली आमच्या इमारतीशी एक पेटी उभी करून ठेवलेली होती आणि फ्रेहाचा धाकटा मुलगा तिच्यावर बसला होता. म्हणजे हायम बसमधून उतरून पेटी तिथेच ठेवून आधी वर गेले होते, आणि तिथे आई भेटली होती.

मला खाली धावत जाता आलं असतं. पण मी खिडकीची चौकट धरून ती दोघं जिन्याशी येईपर्यंत बघत राहिले.

दार उघडंच होतं. सासूबाई आधी आत आल्या. त्यांनी चपला काढल्या, पायांवरची माती झटकली आणि आतल्या चुलीकडे बघितलं. हायम दारातच उभे होते. केस पांढरे व्हायला लागले होते. डोळे लाल होते.

"मिल्का," सासूबाई म्हणाल्या, "भात थोडा जास्त लाव."